३५ वर्षांच्या इमारतीत घेतलेली सदनिका : दुरुस्तीची सुरुवात कोठून करावी?

उंबरठा

नमस्कार. पुण्यात कोथरूडमध्ये एका ३५ वर्षे जुन्या, तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची दोन बेडरूमची सदनिका आम्ही नुकतीच विकत घेतली असून, दस्ताची नोंदणी होऊन किल्ल्या हातात आल्या आहेत. इमारत सहकारी गृहनिर्माण संस्थेची आहे. भरपूर उजेड, खेळता वारा आणि आईच्या डॉक्टरांचे जवळ असलेले दवाखाने पाहून आम्ही हे घर पसंत केले.

घराची सध्याची स्थिती अशी आहे. न्हाणीघराच्या छताला ओल असून गिलाव्याचे पापुद्रे सुटले आहेत. पश्चिमेकडच्या बेडरूममध्ये खिडकीखालच्या भिंतीवर पांढरे क्षार फुलले आहेत. नळाच्या पाण्याला जोर नाही आणि सकाळचे पहिले पाणी तांबूस येते. विजेच्या बोर्डावर अजून चिनी मातीचे फ्यूज आहेत व निम्म्या प्लगना अर्थिंगची तारच नाही. जमिनीला जुनी दहा इंची मोझॅक फरशी आहे. ती डागाळलेली असली तरी कोठेही हललेली किंवा पोकळ वाजत नाही. दारांच्या चौकटी सागवानी असून उत्तम स्थितीत आहेत.

दुरुस्तीसाठी आम्ही आठ लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. भाड्याच्या घराचा करार ऑक्टोबरअखेर संपतो आणि दसऱ्याला नव्या घरात प्रवेश करावा, अशी आईची इच्छा आहे. तिचे वय ७४ असून गुडघ्यांचा त्रास आहे. सध्या एप्रिल चालू आहे, म्हणजे मधला पावसाळा धरूनच नियोजन करावे लागेल.

एका ठेकेदाराने दिलेल्या आराखड्यात सर्व खोल्यांत जुन्या फरशीवर नवी फरशी, न्हाणीघरासह सगळीकडे पीओपीचे खोटे छत, ओट्याखाली कपाटे आणि रंगकाम एवढे आहे. नळ आणि वायरिंग यांचे काय, असे विचारल्यावर ‘ते गरज पडेल तसे पाहता येईल’ असे उत्तर मिळाले. मला हा क्रमच उलटा वाटतो. जे पुढे भिंतीआड आणि फरशीखाली जाणार आहे ते आधी नीट व्हावे आणि उरलेल्या पैशांत दिसणाऱ्या गोष्टी कराव्यात, असे माझे मत आहे. ज्यांनी जुने घर घेऊन दुरुस्त केले आहे किंवा जे या व्यवसायात आहेत, त्यांनी कामाचा क्रम आणि त्यामागची कारणे सांगावीत, ही विनंती.

गिलावा

अभिनंदन. मी स्थापत्य अभियंता असून जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचीच कामे करतो. तुमचे मत बरोबर आहे. त्या आराखड्यातली न्हाणीघराला खोटे छत लावण्याची सूचना मला सर्वांत धोक्याची वाटते. स्लॅबमधल्या सळईपर्यंत ओल पोहोचली की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्या दाबाने खालचे काँक्रीट तडकते आणि तडकलेल्या जागेतून ओल आणखी आत शिरते. छत उघडे असेल तर ही प्रक्रिया निदान दिसते. पीओपीच्या मागे ती वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही आणि शेवटी काँक्रीटची ढलपी खोट्या छतासकट खाली येते.

तेव्हा पहिले काम गळतीचे निदान. ते झाल्याशिवाय वर किंवा खाली एकही फरशी फोडू देऊ नका. निदानाची रीत साधी आहे, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. वरच्या घरात कोणी पाणी वापरत नसतानाही दिवसरात्र सारखेच ठिबकत असेल, तर दाबाखालची पाण्याची नळी फुटलेली असते. वर अंघोळी झाल्यावर तास-दोन तासांनी ठिबकणे वाढत असेल, तर नहाणी ट्रॅपचा (जाळीखालच्या, पाणी धरून दुर्गंध अडवणाऱ्या भांड्याचा) सांधा किंवा सांडपाण्याची नळी यांत दोष असतो. फक्त पावसाळ्यातच ओल वाढत असेल, तर पाणी बाहेरच्या भिंतीतून किंवा बाहेरच्या नळ्यांच्या कडेने येते. शंका राहिली तर वरच्या न्हाणीघरातल्या जाळीत कपड्यांची नीळ मिसळलेले पाणी ओतून पाहावे. खाली निळसर डाग उमटला की वाद उरत नाही.

यात एक अडचण आहे. त्या काळी न्हाणीघर आणि संडास यांचा स्लॅब खोल्यांच्या स्लॅबपेक्षा खाली टाकून त्यात नळ्या बसवत व वर विटांच्या तुकड्यांचा भराव करून कोबा (सिमेंटचा गुळगुळीत थर) करीत. तुमच्या न्हाणीघराचे छत खोल्यांपेक्षा खाली असेल, तर तो वरच्या घराचा खाली उतरवलेला स्लॅब आहे. त्या भरावात वर्षानुवर्षे पाणी साठते. त्यामुळे वरचे पाणी आज बंद केले तरी ठिबकणे कित्येक दिवस चालू राहते आणि ‘आमचे पाणी बंद आहे, तरी तुमच्याकडे गळते, म्हणजे दोष आमचा नाही’ असा समज होतो. शेजाऱ्यांचा तो समज प्रामाणिक असतो, म्हणून त्यांना ही रचना कागदावर काढून दाखवावी.

नुसते सांधे भरून काम भागेल का, असे बहुतेक जण विचारतात. फरशीच्या सांध्यांतून पाणी उतरत असेल तर जुना भरणा खरवडून इपॉक्सी ग्राउट (पाणी न शोषणारा भरणा) भरल्याने पुष्कळ फरक पडतो आणि खर्चही कमी येतो. दोष ट्रॅपमध्ये किंवा जुन्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) नळीत असेल, तर मात्र भराव काढण्याला पर्याय नाही. भराव काढल्यावर नळ्या बदलाव्यात, स्लॅब घासून स्वच्छ करावा, भिंत आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यांना सिमेंटचे गोलसर वाटे करावेत, मग पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन हात एकमेकांना आडवे द्यावेत. हा थर भिंतीवर किमान एक फूट आणि अंघोळीच्या जागी डोक्याच्या उंचीपर्यंत चढवावा. तो वाळल्यावर पाणी तुंबवून ४८ तास ठेवावे व खाली ओल येत नाही याची खात्री झाल्यावरच फरशी बसवावी. फरशीला जाळीकडे दर मीटरला साधारण सव्वा सेंटीमीटर उतार असावा. गवंडी घाईत असला की उताराकडे दुर्लक्ष होते, म्हणून बादलीभर पाणी ओतून ते कोठे थांबते हे स्वतः पाहा.

तुमच्या स्वतःच्या न्हाणीघराखालीही पहिल्या मजल्यावर कोणी राहते. त्यांच्या छताची स्थिती काम सुरू करण्यापूर्वी पाहून घ्या आणि छायाचित्रे काढून ठेवा.

पागोळी

पश्चिमेकडच्या भिंतीविषयी थोडे लिहिते. पुण्यात नैऋत्येचा पाऊस तिरका येतो आणि पश्चिम व दक्षिण भिंतींवर आदळतो. क्षार खिडकीखालीच आहेत, यावरून खिडकीच्या पट्टीतून पाणी आत येत असण्याची शक्यता अधिक आहे. खिडकीखालच्या कडाप्प्याला बाहेरच्या बाजूस उतार आहे का, त्याच्या आणि चौकटीच्या मधली फट उघडी आहे का आणि वरच्या छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का, हे तपासावे. ती खाच नसेल तर पाणी छज्जाच्या पोटावरून सरकत भिंतीपर्यंत येते. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवणार असाल, तर खालच्या पट्टीला पाणी बाहेर जाण्याची छिद्रे हवीतच.

आतून जलरोधक रंग लावून ही ओल थांबत नाही. पाणी बाहेरून येत राहते आणि वाट न मिळाल्याने तो थर फुगून सुटतो. बाहेरची बाजू मेअखेरपर्यंत दुरुस्त करून घ्या, आतला सुटलेला गिलावा काढून भिंत उघडी ठेवा आणि पूर्ण पावसाळा तिच्याकडे पाहा.

सचिवकाम

मी ठाण्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे. तुमच्या प्रश्नाची कागदोपत्री बाजू मांडते, कारण अनेक सभासद त्या बाजूने अडतात आणि काम मध्येच थांबते.

आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण संस्थांसाठीच्या शासनाच्या नमुना नियमांनुसार) शौचालय, न्हाणीघर, सिंक यांतून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाने करायचा असतो. पावसामुळे होणारी गळती आणि बाहेरच्या सामाईक पाण्याच्या व सांडपाण्याच्या नळ्यांची दुरुस्ती ही संस्थेची जबाबदारी असते. म्हणून गिलावा यांनी सांगितलेले निदान तांत्रिक दृष्टीने जेवढे आवश्यक आहे, तेवढेच खर्च कोणी करायचा हे ठरवण्यासाठीही आवश्यक आहे. निदान झाल्यावर संस्थेला लेखी पत्र द्या, त्यासोबत छायाचित्रे जोडा आणि पोच घ्या. पत्र देण्याआधी वरच्या शेजाऱ्यांना प्रत्यक्ष भेटा. नव्या सभासदाची पहिली ओळख तक्रारीच्या कागदाने झाली, तर पुढची वर्षे अवघड जातात.

काम सुरू करण्यापूर्वी संस्थेची लेखी परवानगी घ्यावी. कोणत्या भिंती काढणार, राडारोडा कोठे ठेवणार, कामाच्या वेळा काय असतील, हे त्यात स्पष्ट असावे. खांब, तुळई आणि भार पेलणारी भिंत यांना हात लावायचा नाही, हे परवानगीत नसले तरी पाळायचेच. इमारतीचे शेवटचे संरचनात्मक परीक्षण कधी झाले, हेही विचारा. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे परीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतीचे तीन वर्षांतून एकदा व्हायला हवे. अहवाल असेल तर त्याची प्रत मागा. तुमच्या छताविषयी त्यात आधीच नोंद असू शकते.

कागदपत्रांत भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) तुमच्या नावावर करून घेणे, नामनिर्देशन भरणे, महावितरणच्या जोडणीवर नाव बदलणे व त्यासाठी आधीच्या मालकाकडून सुरक्षा ठेवीबाबत संमतीपत्र घेणे आणि मिळकतकरावर नाव लावणे ही कामे आताच करावीत. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे. ती लागू आहे का हे बिलावर पाहा, नसेल तर राहायला गेल्यावर पीटी-३ अर्ज भरा. हस्तांतरण अधिमूल्य (सदनिका नव्या मालकाच्या नावावर करताना संस्था घेते ती रक्कम) म्हणून कोणी मोठी रक्कम मागत असेल, तर राज्य शासनाच्या ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाने त्यावर २५,००० रुपयांची कमाल मर्यादा घातलेली आहे, हे नम्रपणे निदर्शनास आणून द्यावे.

उंबरठा

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले, याबद्दल मनापासून आभार. न्हाणीघराचे छत खोल्यांपेक्षा खाली आहे, म्हणजे वरच्या घराचा खाली उतरवलेला स्लॅबच आमच्याकडे दिसतो. वर एक वृद्ध दांपत्य राहते. त्यांना भेटून आलो आणि भराव कसा असतो याचे चित्र काढून दाखवले. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतले व नीळ घालून पाहायला होकार दिला. त्यांची खरी चिंता निराळी आहे. त्यांच्याकडे एकच न्हाणीघर आहे आणि ते उखडले तर तेवढे दिवस दोघांनी जायचे कोठे, असे त्यांनी विचारले. यावर कोणाला काही सुचते का?

तारतम्य

तुमचे घर सध्या रिकामे आहे. वरचे काम आधी काढा आणि ते संपेपर्यंत आजी-आजोबांना तुमच्या न्हाणीघराची किल्ली द्या. तोपर्यंत तुमच्या घरी वायरिंगचे काम चालू ठेवता येईल, फक्त न्हाणीघराला हात लावू नका.

आता विजेविषयी. चिनी मातीचे फ्यूज आणि अर्थिंग नसलेले प्लग असलेल्या घरात राहायला जाण्यापूर्वी संपूर्ण वायरिंग बदलणे मी अनिवार्य मानतो. त्या काळातल्या अनेक इमारतींत अॅल्युमिनियमच्या तारा आहेत. तांब्याच्या नव्या तारेला त्या पिळून जोडल्या की सांधा सैल होत जातो, तापतो आणि आग लागण्याचे कारण ठरतो. म्हणून अर्धी जुनी, अर्धी नवी अशी तडजोड करू नका.

दिव्यांसाठी दीड चौरस मिलिमीटर, साध्या प्लगसाठी अडीच आणि गीझर व वातानुकूलन यंत्रासाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्यावी. तीन किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर वीज घेतो, त्यामुळे त्याला स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एमसीबी (जास्त वीज वाहिली की आपोआप बंद होणारा स्विच) हवा. ओट्यावर पुढे कधी इंडक्शन शेगडी येईल, हे धरून तेथेही एक जास्त क्षमतेचा प्लग ठेवा. महावितरणकडचा मंजूर भार पुरेसा आहे का, हे बिलावर पाहून आताच वाढवून घ्या.

एमसीबी तारेचे रक्षण करतो. माणसाचे रक्षण करण्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लागतो. ओल्या हाताने सदोष गीझरच्या नळाला स्पर्श झाला, तर अपघात टाळणारे उपकरण हेच असते. घरात वृद्ध माणूस असेल तर त्यावर पैसे वाचवू नयेत. मात्र इमारतीचे अर्थिंगच निकामी असेल, तर घरातल्या अर्थिंगच्या हिरव्या तारेला अर्थ उरत नाही. परवानाधारक वीज ठेकेदाराकडून ते मोजून घ्या आणि दोष असल्यास संस्थेला कळवा. आरसीसीबीवर चाचणीचे बटण असते. ते दर महिन्याला दाबून पाहण्याची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

भिंतीत झिरी पाडताना ती शक्यतो उभी पाडावी. विटांच्या भार पेलणाऱ्या भिंतीत लांबलचक आडवी झिरी पाडल्याने भिंत कमकुवत होते.

नळदुरुस्त

तांबूस पाणी आणि कमी जोर ही जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) नळ्यांची लक्षणे आहेत. त्या आतून गंजत जातात आणि पाण्याची वाट अरुंद होते; वरून मात्र नळी धडधाकट दिसते. घरातल्या सगळ्या नळ्या बदला. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी (उष्णता सोसणारे प्लॅस्टिक) वापरा, साधी पीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही. नळ्या बसल्यावर, गिलावा करण्यापूर्वी, हातपंपाने दाब भरून काही तास काटा खाली येतो का ते पाहावे. ही चाचणी ठेकेदाराच्या कामाच्या यादीत लेखी असावी. गच्चीवरच्या टाकीपासून खाली येणारी सामाईक नळीही जीआयचीच असेल, तर नुसते घरातले बदलून जोर पूर्ण वाढणार नाही. ते काम संस्थेकडून करून घ्यावे लागेल.

रंधा

सागवानी चौकटी चांगल्या आहेत हे वाचून समाधान वाटले. त्या काढू नका. आजकाल मिळणाऱ्या बहुतेक तयार चौकटी त्यांच्या तोडीच्या नसतात. चौकटींवर ऑइल पेंटचे जुने थर असतील, तर ते कोरडे घासू नयेत. घरगुती रंगांतल्या शिशाच्या प्रमाणावर ९० भाग प्रति दशलक्ष ही कायदेशीर मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या, विशेषतः ३५ वर्षांपूर्वीच्या रंगात शिसे असण्याची शक्यता बरीच आहे. पाणी लावून घासावे, रंगाऱ्याने मुखपट्टी वापरावी आणि त्या दिवशी लहान मुलांना घरात आणू नये.

ओट्याखालच्या कपाटांसाठी आयएस ७१० दर्जाचा जलरोधक प्लाय घ्या आणि तो शिक्का प्रत्येक फळीवर आहे हे माल उतरवतानाच पाहा. सिंकखाली मात्र लाकूड टाळावे. तेथे कडाप्प्याच्या उभ्या पट्ट्या आणि अॅल्युमिनियमचे दार हेच टिकते. सुतारकाम सुरू होण्यापूर्वी वाळवीची तपासणी करून घ्या.

शहाबादी

फरशीच्या बाबतीत माझे मत निराळे आहे. मोझॅक कितीही घासली तरी जुनी ती जुनीच दिसते. घर घेण्यासाठी एवढा पैसा घातल्यावर माणसाला आपले घर नवे दिसावे असे वाटणे स्वाभाविक आहे. जुन्या फरशीवर नवी व्हिट्रिफाइड फरशी बसवली तर तोडफोड, धूळ आणि राडारोडा वाचतो. आम्ही तसेच केले आणि आम्हाला कोणताही त्रास झालेला नाही.

गिलावा

शहाबादी यांची भावना मी समजू शकतो, आणि चिकटवणीने बसवलेली पातळ फरशी असेल तर ती पद्धत चुकीची नाही. फक्त दोन गोष्टी तपासून निर्णय घ्यावा.

पहिली गोष्ट वजनाची. निवासी खोल्यांसाठी भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो इतका वापराचा भार धरून स्लॅबची रचना करतात. पातळ फरशी आणि चिकटवणी मिळून साधारण २५ किलो भरते. तेवढे चालून जाते. पण अनेक गवंडी चिकटवणीऐवजी दीड-दोन इंचांचा मसाला घालतात, आणि मग तोच आकडा १०० किलोच्या घरात जातो. म्हणजे माणसे आणि सामान यांच्यासाठी राखलेल्या भारापैकी निम्मा भाग नव्या फरशीनेच व्यापला. ३५ वर्षांच्या स्लॅबवर मी हे होऊ देणार नाही.

दुसरी गोष्ट पातळीची. खोल्यांची जमीन वर आली की दारे खालून कापावी लागतात आणि खोल्या व न्हाणीघर यांच्या मध्ये उंचवटे तयार होतात. ज्या घरात गुडघ्यांचा त्रास असलेली व्यक्ती राहणार आहे, तेथे पाव इंचाचा अनपेक्षित उंचवटाही पडण्यास कारण होतो.

हललेली नसलेली मोझॅक यंत्राने टप्प्याटप्प्याने बारीक दगड लावून घासता येते. सांधे रंग मिसळलेल्या पांढऱ्या सिमेंटने भरून शेवटी ऑक्झॅलिक अॅसिडच्या भुकटीने चकाकी आणतात. खर्च नव्या फरशीच्या तुलनेत बराच कमी येतो. ही घासाई ओली असते आणि तिचा गाळ भिंतींवर उडतो, म्हणून ती रंगापूर्वी करावी. आठ लाखांतून वायरिंग, नळ्या आणि न्हाणीघर नीट करायचे असेल, तर फरशीवर वाचलेला पैसा तेथेच उपयोगी पडेल.

शहाबादी

आमच्याकडे चिकटवणीच वापरली होती, त्यामुळे वजनाचा प्रश्न आला नसावा. उंचवट्याचा मुद्दा मान्य आहे. वृद्ध माणूस घरात असेल तर मीही मोझॅक ठेवण्याचाच सल्ला देईन.

आजीचीखोली

माझ्या सासूबाईंसाठी आम्ही न्हाणीघर नव्याने केले, त्या अनुभवावरून लिहिते. फरशी खरखरीत, न घसरणारी निवडावी आणि तिचा नमुना दुकानात ओला करून पायाने पाहावा. आधाराचे दांडे कमोडशेजारी आणि अंघोळीच्या जागी बसवावेत. ज्या भिंतीवर ते बसणार ती विटांची आणि भक्कम आहे याची खात्री करावी, कारण दांडा माणसाचे पूर्ण वजन पेलणार असतो. दार बाहेर उघडणारे असावे. आत कोणी पडले आणि दार आत उघडणारे असले, तर मदतीला जाणाऱ्याला दारच ढकलता येत नाही. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी. रात्री बिछान्यापासून न्हाणीघरापर्यंत मंद दिवा राहील असा प्लग वायरिंगच्या वेळीच काढून घ्या. नंतर त्यासाठी भिंत पुन्हा फोडावी लागते.

ओट्याची उंची ठरवताना स्वयंपाक कोण करणार, हे विचारा. उभे राहून हात कोपरात वाकवल्यावर कोपरापासून साधारण चार इंच खाली ओटा असावा. ठेकेदार सर्वांना एकच माप लावतात आणि मग बुटक्या बाईचे खांदे वर्षानुवर्षे दुखत राहतात. याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पागोळी

रंगाविषयी एवढेच सांगते की नव्या गिलाव्याला आठवडाभर पाणी मारून पुढे साधारण महिनाभर वाळू द्यावे लागते. दसऱ्याच्या मुहूर्तासाठी रंगारी घाई करतील, पण पश्चिमेच्या भिंतीला तेव्हा रंग देऊ नका. तीन भिंती रंगवून प्रवेश करा आणि चौथी थंडी सुरू झाल्यावर, कोरडी झाल्याची खात्री करून रंगवा. मुहूर्त प्रवेशाचा असतो, भिंत तिच्या वेळेनेच वाळणार.

उंबरठा

धागा काही आठवड्यांनी वर काढत आहे, कारण बऱ्याच गोष्टी मार्गी लागल्या आहेत.

नीळ टाकून पाहिल्यावर डाग ट्रॅपच्या नेमक्या खाली उमटला. आजोबांनी तो स्वतः खाली येऊन पाहिला आणि खर्चाची जबाबदारी लगेच मान्य केली. तारतम्य यांच्या सूचनेप्रमाणे वरचे काम चालू असताना किल्ली त्यांच्याकडे होती. आजींना जिना चढउतार करावी लागू नये म्हणून दुपारी विश्रांतीसाठी एक खाटही आमच्या हॉलमध्ये ठेवली. वरचा भराव निघाला तेव्हा तो आतपर्यंत भिजलेला होता आणि बिडाच्या नळीचा सांधा पूर्ण सुटलेला होता. नळ्या बदलून, थर देऊन, पाणी तुंबवून पाहिले. खाली नवी ओल आली नाही. त्यानंतर त्याच माणसांकडून आमचे न्हाणीघर सुरू केले. पहिल्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या छताची छायाचित्रे आधीच काढली आहेत.

वायरिंग संपूर्ण तांब्याचे झाले. इमारतीचे अर्थिंग मोजल्यावर ते निकामी असल्याचे आढळले. संस्थेला लेखी कळवल्यावर समितीने नवीन अर्थिंगचा खड्डा करण्याचे मान्य केले आहे, म्हणजे त्याचा उपयोग सगळ्याच घरांना होईल. खोटे छत रद्द केले, मोझॅक ठेवली, पश्चिमेची भिंत उघडी ठेवली. ओटा पत्नीच्या आणि आईच्या मापांच्या मधला ठरला असून आईला बसून भाजी चिरता येईल अशी खालची फळी जोडली आहे.

एक प्रश्न उरला आहे. आमच्या न्हाणीघराच्या छताचे जुने काँक्रीट दोन ठिकाणी सुटले आहे आणि सळई दिसते. गळती थांबली आहे, मग हे काम आता लगेच करावे, की स्लॅब वाळेपर्यंत थांबावे?

गिलावा

सुटलेला भाग आजच ठोकून काढून टाका, म्हणजे तो कोणाच्या अंगावर पडणार नाही. बाकीचे छत लहान हातोडीने ठोकून पाहा. जेथे पोकळ आवाज येईल तेथपर्यंत काढावे लागेल. सळई पूर्ण उघडी करून तारेच्या ब्रशने गंज घासावा. तिची जाडी बरीच घटलेली आढळली, तर तेथे थांबून संरचना अभियंत्याला बोलवा. शेजारी नवी सळई जोडायची का, हे त्यांनीच ठरवावे. जाडी शाबूत असेल तर गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मसाल्याने भरून घ्यावे.

हे भरणे मात्र लगेच करू नका. भरावातून उतरलेले पाणी स्लॅबमध्ये अजून आहे. मे महिन्याचे ऊन आणि उघडी खिडकी यांचा फायदा घ्या, दिवसभर पंखा चालू ठेवा. रात्री छतावर प्लॅस्टिकचा एक तुकडा चारही कडांनी चिकटवून ठेवा आणि सकाळी त्याच्या आत दव धरले आहे का ते पाहा. सलग काही सकाळी ते कोरडे आढळले, तरच लेपाचे काम सुरू करावे. मसाला भरल्यावर छताला साधा चुना लावून पावसाळाभर तसेच ठेवा, म्हणजे नवा डाग उमटला तर लगेच दिसेल.

दरम्यान, फरशी बसण्यापूर्वी तुमच्या न्हाणीघरातल्या आणि ओट्यामागच्या सगळ्या नळ्यांची, तसेच वायरिंगच्या झिऱ्यांची छायाचित्रे मोजपट्टी शेजारी धरून काढा. त्यांचा एक संच वीजबिल आणि भागपत्राच्या धारिकेत ठेवा आणि एक संच संस्थेला द्या.

सचिवकाम

आमच्या संस्थेत आता दुरुस्तीच्या परवानगीपत्रातच ही छायाचित्रे देण्याची अट घातली आहे. तुमच्या समितीला मसुदा हवा असल्यास निरोपातून कळवा, पाठवून देईन.

उंबरठा

मसुदा जरूर पाठवावा. येत्या सभेत समितीपुढे ठेवतो. गिलावा, प्लॅस्टिकचा तुकडा आज रात्रीच लावतो आणि कोरडे झाल्यावर संरचना अभियंत्यांना दाखवूनच मसाला भरतो.